लोकनायक बापूजी अणे : मतभेद आणि निष्ठा

हिंदुस्थानच्या स्वराज्याची उभारणी कोणी केली, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या तोंडी पाच-सात नावे येतात आणि तेथेच आपण थांबतो. ती नावे थोर आहेत, याविषयी कोणाचेच दुमत असणार नाही. परंतु देवळात जाऊन केवळ कळसाकडे पाहून परत यावे, तसा हा प्रकार आहे. ज्या जोत्यावर कळस उभा राहिला त्या जोत्याचे चिरेही कोणी तरी वाहून आणलेले असतात. स्वराज्याच्या राज्यघटनेचा सर्वपक्षीय मसुदा १९२८ साली ज्या समितीने तयार केला तीत, पुढे काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदावर, आणि अखेर स्वतंत्र भारताच्या घटना-समितीत यवतमाळ जिल्ह्यातील एक गृहस्थ बसलेले होते, ही गोष्ट वऱ्हाडाबाहेरच्या कित्येक सुशिक्षित घरांत आज ठाऊक नसते. माधव श्रीहरी अणे हे ते गृहस्थ. लोक त्यांना 'लोकनायक' म्हणत. जवळची माणसे 'बापूजी' म्हणत.

त्यांचे समग्र चरित्र सांगावे, असा या लेखाचा हेतू नाही. आम्हांस त्यातील एकच धागा वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. ज्यांना आपण वडील मानतो, ज्यांच्या पायाशी बसून शिकतो, त्यांच्याशीच मत जुळेनासे झाले तर माणसाने काय करावे? गप्प बसावे, घर सोडावे, की घरात राहून आपले म्हणणे मांडीत राहावे? एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. बापूजींच्या आयुष्यात तो पुनःपुन्हा उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर त्यांना स्वतःच्या अधिकारपदाच्या मोलाने द्यावे लागले.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेल्या या गावाचेच नाव त्या काळी साऱ्या जिल्ह्यास होते. 'यवतमाळ जिल्हा' हे नाव १९०५ सालापासूनचे. वऱ्हाड प्रांताची स्थिती त्या वेळी मोठी विलक्षण होती. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला, आणि दुसऱ्याच वर्षी मध्यप्रांतास जोडला गेला. मालकी हैदराबादची, कारभार इंग्रजांचा, आणि बोलीभाषा मराठी असूनही राज्ययंत्राची जोड हिंदी मुलखाशी! अशा प्रांतात वाढलेल्या विचारी माणसास स्वराज्य या शब्दाबरोबरच, ते कोणत्या कायद्याने चालावयाचे आणि कोणत्या प्रांताने कोणाबरोबर नांदावयाचे, हेही प्रश्न सुचावेत, यात नवल नाही. बापूजींच्या राजकारणात घटनेच्या आणि कायद्याच्या प्रश्नांना जे स्थान दिसते त्याचे एक मूळ या मातीत असावे, असे आम्हांस वाटते.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्यांनी अमरावतीस काही वर्षे शिक्षकाचे काम केले आणि नंतर यवतमाळ येथे वकिली सुरू केली. संस्कृताचा व्यासंग त्यांच्या घरातच होता. परंतु त्यांच्या मनाची घडण केली ती लोकमान्य टिळकांनी. होमरूलच्या चळवळीत ते हिरिरीने पडले. १९१८ साली यवतमाळास त्यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. आज त्या नावाचे दैनिक महाराष्ट्रभर वाचले जाते, परंतु त्या नावाचा उगम यवतमाळच्या या छोट्या साप्ताहिकात आहे, हे थोड्यांनाच माहीत असेल.

लोकमान्यांकडून बापूजींनी केवळ भक्ती घेतली नाही, राजकारणाची एक रीतही घेतली. १९१९ च्या अखेरीस अमृतसरच्या काँग्रेसमध्ये टिळकांनी 'प्रतियोगी सहकारिता' या शब्दांत ती मांडली होती. सरकार जेवढे देईल तेवढे पदरात घ्यावे, त्याचा उपयोग करून उरलेल्यासाठी भांडावे, आणि सरकार जसे वागेल तसे त्याच्याशी वागावे, असा तिचा मथितार्थ. पुढे १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले आणि राष्ट्राचे सुकाणू गांधीजींच्या हाती गेले. कायदेमंडळांवर बहिष्कार हा नव्या नेतृत्वाच्या कार्यक्रमाचा भाग होता, आणि टिळकांच्या तालमीत तयार झालेल्या अनेकांना तो मनापासून पटला नव्हता. १९२६ साली जयकर, केळकर, डॉ. मुंजे प्रभृतींनी प्रतिसहकार पक्षाची उभारणी केली, तेव्हा बापूजी त्यांच्यात होते. मध्यवर्ती कायदेमंडळातही त्यांनी अनेक वर्षे काम केले.

याच काळात नेहरू कमिटीचे काम झाले. पंडित मोतीलाल नेहरू अध्यक्ष, सर तेजबहादूर सप्रू व सुभाषचंद्र बोस यांच्यासारखे सभासद, आणि त्यांच्या पंक्तीस यवतमाळचे हे वकील. या कमिटीने मांडलेल्या घटनेत नागरिकांचे मूलभूत हक्क होते, भाषावार प्रांतांचे तत्त्व होते, आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी होती : धर्मागणिक वेगळे मतदारसंघ नकोत, सर्वांनी एकाच मतपेटीत मत टाकावे आणि अल्पसंख्यांकांसाठी आवश्यक तेथे जागा राखाव्यात. एका राष्ट्राचे नागरिक जर निवडणुकीच्या दिवशीच निरनिराळ्या दारांनी आत येऊ लागले, तर ते घर एक राहावे कसे, असा या विचारसरणीचा रोख होता. पुढील हकीकत समजण्यास हा मुद्दा लक्षात असणे जरूर आहे.

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. कायदेमंडळात बसून भांडावे, असे म्हणणाऱ्या माणसाने आता काय करावयाचे? बापूजींनी आपली जागा सोडली आणि ते चळवळीत उतरले. आपले मत निराळे आहे म्हणून घरावर संकट आले असता दूर उभे राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. परंतु वऱ्हाडास समुद्र नाही. मीठ तयार करावयाचे कोठे? येथे त्यांची व्यवहारबुद्धी दिसून येते. पुसद भागातील शेतकऱ्याला मिठाच्या कायद्यापेक्षा जंगलचा कायदा अधिक जाचत होता. डोळ्यांसमोर राखीव रानात गवत वाढत असता परवान्यावाचून त्याला ते कापता येत नसे. दावणीची जनावरे उपाशी, आणि हाती विळा असून निरुपयोगी. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजींनी विनापरवाना गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. दांडीस जे मिठाने केले, ते पुसदला गवताने केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दूरच्या नेत्याची आज्ञा आपल्या गावच्या दुःखाच्या भाषेत उतरविणे, हे अनुयायाचे खरे काम असते.

मतभेद असूनही वैर न धरणाऱ्या माणसावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसतो. १९३१ साली बंगालमध्ये सुभाषचंद्र बोस आणि जे. एम. सेनगुप्त यांच्या गटांत तंटा माजला, तेव्हा तो तोडण्यासाठी काँग्रेसने पंच म्हणून वऱ्हाडच्या बापूजींना पाठविले. १९३३ साली, बहुतेक पुढारी तुरुंगात असता, काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या वर्षीच्या जुलैत पुण्यास कार्यकर्त्यांची परिषद झाली आणि त्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रहास मोकळीक देण्याचे जाहीर करण्याचे अप्रिय काम बापूजींच्याच वाट्यास आले. चळवळ सुरू करणाऱ्याला हार मिळतात. ती थांबविणाऱ्याला बोल मिळतात. ते त्यांनी सोसले.

त्यानंतरच्या वर्षी मात्र वाटा फुटल्या. १९३२ च्या ऑगस्टात ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला होता, आणि विभक्त मतदारसंघ कायम ठेवले होते. अस्पृश्य समाजापुरता तो भाग पुणे कराराने बदलला. बाकीचा निवाडा तसाच उभा राहिला. १९३४ साली काँग्रेसच्या कार्यकारिणीने तो स्वीकारावयाचा नाही आणि नाकारावयाचाही नाही, अशी भूमिका घेतली. सर्वांना बरोबर ठेवण्याची काँग्रेसची अडचण खोटी नव्हती. परंतु सहा वर्षांपूर्वी ज्याने एकाच मतपेटीच्या तत्त्वावर घटना मांडण्यास हातभार लावला होता, त्याला या प्रश्नावर मौन धरणे शक्य नव्हते. पंडित मदनमोहन मालवीय आणि बापूजी यांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. पक्षाच्या नावातही त्यांनी 'काँग्रेस' हा शब्द ठेवला, हे पाहण्यासारखे आहे. वेगळी चूल मांडली, परंतु आडनाव बदलले नाही!

येथवरचा वृत्तांत वाचून वाचकांस वाटेल की आम्ही केवळ गुणगान करीत आहोत. तसे नाही. बापूजींच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग अजून सांगावयाचा आहे. १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला, तेव्हा त्यांनी त्यात जागा स्वीकारली. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. मिळेल ते अधिकारपद हाती घेऊन त्याचा देशासाठी उपयोग करावा, या जुन्या रीतीस ते धरूनच होते. परंतु १९४२ चा ऑगस्ट उजाडला आणि गांधीजींसह सारे पुढारी गजाआड गेले. ज्या सरकारने हे केले त्याच सरकारात बापूजी बसलेले होते. त्याच महिन्यात चिमूरला उठाव झाला आणि नंतर त्या गावात, विशेषतः स्त्रियांवर, झालेल्या अत्याचारांच्या वार्तांनी सारा प्रांत हादरला. चिमूर हे चांदा जिल्ह्यातले. बापूजींच्या वणीला तो जिल्हा अगदी लागून. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी दिल्लीस बापूजींच्या दारी गेले आणि त्यांनी स्वतः चिमुरास येऊन चौकशी करावी, असे मागणे मागितले. ते मागणे पुरे झाले नाही. भणसाळींनी अन्न सोडले. त्यांचा उपवास ६३ दिवस चालून १९४३ च्या जानेवारीत सुटला.

या प्रसंगी आम्ही बापूजींची वकिली करू इच्छीत नाही. आत राहून काही करता येईल, या विचाराने माणूस एखाद्या घरात शिरतो. आणि पुष्कळदा असे होते की त्या घराच्या भिंती त्याच्यापेक्षा बळकट ठरतात. शेजारच्या गावची हाक ऐकू येते, पण पाय उचलत नाही. प्रतियोगी सहकारितेच्या रीतीतला हा धोका आहे, आणि तिच्या कैवाऱ्यांनी तो लपवू नये. प्रश्न एवढाच उरतो की माणूस त्या भिंतींआड कोठवर राहतो. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान महालात २१ दिवसांचा उपवास आरंभिला. सरकार त्यांना सोडण्यास तयार होईना. तेव्हा बापूजी, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. ज्या गांधीजींच्या मार्गाशी बापूजींचा वीस वर्षांचा मतभेद होता, त्यांच्याच प्राणांसाठी त्यांनी ते पद सोडले. चिमूरच्या आयाबहिणींना हे उत्तर पुरेसे वाटले असेल काय, हा विचार प्रत्येक वाचकाने आपापल्या मनाशी करावा.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९४३ पासून स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत ते सिलोनात हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. घटना-समितीत ते सभासद झाले. १९४८ च्या जानेवारीत ते बिहारचे राज्यपाल झाले आणि १९५२ च्या जूनपर्यंत त्या पदावर राहिले. ज्या नव्या सरकारातील प्रमुखांशी त्यांचे इतक्यांदा खटके उडाले होते त्या सरकारने त्यांना एवढ्या मोठ्या प्रांताचा भार सोपवावा, ही गोष्ट उभयतांस भूषणावह आहे.

परंतु स्वभाव वयाने बदलत नाही. वऱ्हाड-नागपूरचे वेगळे राज्य व्हावे, हे त्यांचे मत होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली तशी शिफारसही केली. ती मानली गेली नाही. संयुक्त महाराष्ट्राचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या बहुसंख्य वाचकांस बापूजींचे हे मत रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि मतासाठी ते कोठवर गेले, हे पाहावे. राज्यपालपद भोगून झालेला, ऐंशीच्या घरातला हा वृद्ध १९५९ साली नागपूरच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसविरुद्ध उभा राहून लोकसभेत गेला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली पुन्हा निवडून आला. त्यांनी आपली मागणी सभागृहात मांडली आणि मतपेटीतून मांडली. तो मार्ग त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनीच, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला.

उत्तरायुष्यात त्यांनी लोकमान्यांच्या चरित्रावर 'श्रीतिलकयशोऽर्णव' हे संस्कृत महाकाव्य रचिले. ते त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले, आणि १९७३ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. गुरूला जाऊन चार तपे होत आली असताही शिष्य त्याचे ऋण श्लोकाश्लोकाने फेडीत होता. ज्याने आयुष्यभर मोठमोठ्यांशी मतभेद केले, त्याच्या अंगी निष्ठा किती खोल होती, याची साक्ष हा ग्रंथ देतो.

आपल्या घरांत मतभेद झाला म्हणजे दोन गोष्टी घडतात. धाकटे एक तर ओठ मिटून मनात कुढत राहतात, किंवा एके दिवशी भांडी वाजवून वेगळे होतात. वडीलही पहिल्या प्रकारास आज्ञाधारकपणा म्हणतात आणि दुसऱ्यास कृतघ्नपणा. बापूजींच्या आयुष्यात तिसरी रीत दिसते : मत स्पष्ट सांगावे, ते मानले गेले नाही तर त्या मताच्या बळावर मिळालेली जागा सोडावी, आणि घरावर प्रसंग आला म्हणजे बोलावण्याची वाट न पाहता हजर व्हावे. ही रीत सोपी नाही. ती पाळताना बापूजींचाही पाय अडखळला, हे आम्ही वर सांगितलेच आहे. परंतु देशाचा कारभार लोकांच्या मतावर चालवावयाचा असे एकदा ठरविल्यावर या रीतीवाचून गत्यंतर नाही. तिचा पहिला पाठ मुलांना मिळावयाचा तो कायदेमंडळात मिळत नाही. तो घरच्या माजघरात मिळतो, आणि धाकट्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे वडील तो देतात.