घरपट्टीचं गणित

मार्च महिना आला की ग्रामपंचायतीचे शिपाई आणि नगरपरिषदेचे वसुली कर्मचारी दारोदार फिरू लागतात. पावती फाटते, पैसे दिले जातात, आणि पावती गादीखाली किंवा देवघरातल्या डब्यात जाते. त्या पावतीवरचा आकडा आला कुठून, हे विचारणारे फार थोडे. विचारलं तर उत्तर येतं, ‘वरून आलंय.’ आमच्या मते सातवी-आठवीच्या गणितासाठी याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. क्षेत्रफळ, शेकडेवारी, दर हजारी, घसारा, गुणोत्तर, सगळं त्यात आहे. आणि उदाहरण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घराचं आहे.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला भोर आणि वेल्हे हे दोन शेजारी तालुके आहेत. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. तोरण्याच्या पायथ्याचं गाव मात्र वेल्हेच. भोर हे एकेकाळच्या पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी, 1948 साली विलीन झालेलं, आणि तिथे नगरपरिषद आहे. वेल्ह्याला ग्रामपंचायत आहे. भोर शहराची हद्द ओलांडली की भोर तालुक्यातही, नसरापूर असो की आणखी कुठलं गाव, ग्रामपंचायतीचंच राज्य. त्यामुळे तोच गवंडी, तीच वीट, तेच पत्रे वापरून बांधलेली दोन सारखी घरं हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे असली, तर त्यांची घरपट्टी दोन वेगळ्या कायद्यांनी ठरते. नगरपरिषदेला 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषदांचा अधिनियम लागू, ग्रामपंचायतीला 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि त्याखालचे 1960 चे कर व फी नियम.

फरक नुसता कलमांचा नाही. दोन्ही कायदे घराला वेगवेगळा प्रश्न विचारतात. नगरपरिषदेचा परंपरागत प्रश्न असा : ‘हे घर भाड्याने दिलं, तर वर्षाला किती भाडं येईल?’ ग्रामपंचायतीचा आजचा प्रश्न असा : ‘या घराची किंमत किती?’

आधी भाड्याचा प्रश्न पाहू. तो इंग्रजांनी आणला. इंग्लंडमध्ये 1601 च्या गरिबांसाठीच्या कायद्यापासून गावोगावच्या मिळकतींवर कर बसवण्याची रीत पडली, आणि पुढे मिळकतीचं माप म्हणून भाडं धरलं जाऊ लागलं. आपल्याकडे घरांवरचा कर त्याआधीही होता; मराठी कागदपत्रांत घरटका, मोहतर्फा हे शब्द भेटतात. पण भाड्यावरून मोजण्याची पद्धत मात्र नगरपालिकांबरोबर आली. यात मालक स्वतः राहत असला तरी फरक पडत नाही. घर भाड्याने दिलं असतं तर वाजवी भाडं किती आलं असतं, हे धरायचं. हे काम करतो नगररचना विभागातला मूल्यनिर्धारण अधिकारी. शहराचे भाग पाडून, बांधकामाचा प्रकार आणि वापर पाहून तो दर चौरस मीटरला दरमहा इतके रुपये असा दर ठरवतो. त्यावरून वर्षाचं भाडं काढायचं, दुरुस्तीखर्चासाठी त्यातले 10 टक्के वजा करायचे. उरतं ते ‘करयोग्य मूल्य’. या मूल्यावर नगरपरिषद ठरवेल त्या टक्क्यांनी कर.

आकडे घालून पाहू. (या लेखातले भाव आणि दर गणिताच्या सोयीसाठी आम्ही मानलेले आहेत. खरे दर आपापल्या कार्यालयातून आणावेत. ते आणायला जाणं हाही धड्याचाच भाग.) घर 60 चौरस मीटर, भाड्याचा दर 20 रुपये.

60 × 20 × 12 = 14,400 रुपये वार्षिक भाडं.
14,400 – 1,440 = 12,960 रुपये करयोग्य मूल्य.
कराचा दर 20 टक्के धरला तर 2,592 रुपये.

बिलावर याखेरीज वृक्ष उपकर, शिक्षण कर अशा ओळी असतात. दुकान किंवा कारखाना असेल तर रोजगार हमी उपकरही असतो. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर हे 1962 च्या राज्याच्या कायद्याखालचे आहेत. नगरपरिषद ते गोळा करते, पण जातात राज्याच्या तिजोरीत. गटारावरून नगरपरिषदेला बोल लावताना बिलातली ही ओळ वगळून बोल लावावा, हे बरं!

भाड्याच्या पद्धतीत एक मोठी गोम होती. भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठवलेली होती. मग अशा घराचं ‘वाजवी भाडं’ कोणतं? बाजारात मिळेल ते, की कायद्याने घेता येईल ते? दिवाण दौलत राय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या सुमारास सांगितलं, की कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्याच्या वर जाता येणार नाही. तर्क सरळ होता. पण परिणाम असा झाला, की एकाच आळीत जुन्या वाड्याला नाममात्र कर आणि शेजारच्या नव्या इमारतीला भरमसाट कर. नव्या घरमालकाची कुरकुर समजण्यासारखी आहे. म्हणूनच भाड्याऐवजी किंमत मोजावी हा विचार पुढे आला. मुंबई महापालिकेने 2010 पासून तो स्वीकारला आणि नगरपरिषदांच्या कायद्यातही भांडवली मूल्याची वाट ठेवण्यात आली.

आता डोंगराकडे, वेल्ह्याला जाऊ. ग्रामपंचायतींमध्ये 1999 नंतर नुसत्या क्षेत्रफळावर कर बसत असे : इतके चौरस फूट, तर इतके रुपये. हिशेब सोपा, पण रस्त्यालगतचं घर आणि आडवाटेच्या वाडीतलं घर एकाच मापात. ही पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही. 31 डिसेंबर 2015 रोजी नियम बदलले आणि भांडवली मूल्याचं सूत्र आलं. ते फळ्यावर लिहिण्यासारखं आहे :

भांडवली मूल्य = [(क्षेत्रफळ × जमिनीचा दर) + (क्षेत्रफळ × बांधकामाचा दर × घसाऱ्याचा दर)] × वापराचा भारांक

जमिनीचा आणि बांधकामाचा दर राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक तक्त्यातून येतो. खरेदीखताच्या वेळी मुद्रांक शुल्कासाठी पाहतात तोच तक्ता, म्हणजे रेडी रेकनर. घसाऱ्याचा दर घराचं वय आणि बांधकामाचा प्रकार यांवरून. भारांक राहत्या घराला 1, धंद्याच्या जागेला त्याहून जास्त. मग दर हजार रुपये मूल्याला किती पैसे कर, हे पंचायत ठरवते. तेही नियमांनी घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत. म्हणजे एवढ्या मोठ्या सूत्रातला एकच आकडा गावाच्या हातात आहे. ‘सरपंचाने घरपट्टी वाढवली’ असं पारावर म्हटलं जातं, तेव्हा वाढलेला आकडा नेमका कोणता, हे आधी पाहायला हवं.

दोन घरं घेऊ. पहिलं गावठाणातलं दगड-मातीचं जुनं घर, 60 चौरस मीटर. जमिनीचा दर 600 रुपये, बांधकामाचा 8,000, घसाऱ्याने उरलेला भाग 0.40 मानू.

(60 × 600) + (60 × 8,000 × 0.40) = 36,000 + 1,92,000 = 2,28,000 रुपये.
हजारी 70 पैशांनी कर 159 रुपये 60 पैसे.

दुसरा, पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्या कुटुंबाचा आरसीसी बंगला. पानशेत, गुंजवणीच्या पट्ट्यात असे पुष्कळ झाले आहेत. 150 चौरस मीटर, जमिनीचा दर तोच, बांधकामाचा 20,000, नवा म्हणून घसारा नाही.

(150 × 600) + (150 × 20,000) = 90,000 + 30,00,000 = 30,90,000 रुपये.
हजारी दीड रुपयाने 4,635 रुपये.

क्षेत्रफळ अडीचपट, कर मात्र जवळजवळ 29 पट. बंगला पर्यटकांना भाड्याने दिला आणि भारांक 1.25 लागला, तर 5,793 रुपये 75 पैसे. सूत्र श्रीमंत-गरीब ओळखतं, असं इथवर वाटतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे.

आता विद्यार्थ्यांना एकच बदल करायला सांगा. बंगल्यांमुळे जमिनीला भाव आला आणि तक्त्यातला दर 600 चा 1,200 झाला. बाकी सगळं तसंच. जुन्या घराचं मूल्य होतं 2,64,000 आणि कर 184 रुपये 80 पैसे. बंगल्याचं मूल्य 31,80,000 आणि कर 4,770. रुपयांत बंगल्याची वाढ मोठी, 135 रुपये; जुन्या घराची 25 रुपये 20 पैसे. पण शेकडेवारीत? बंगल्याची वाढ 3 टक्क्यांच्याही आत, आणि जुन्या घराची जवळजवळ 16 टक्के!

असं का झालं, हे मुलांनी सूत्रात शोधावं. घसारा फक्त बांधकामाला लागतो, जमिनीला लागत नाही. घर जितकं जुनं, तितका त्याच्या मूल्यात जमिनीचा वाटा मोठा. बंगल्यात तो शंभरात तीनच्या आसपास आहे, जुन्या घरात शंभरात सोळाच्या आसपास. त्यामुळे जमीन महागली की जुन्या घराला ती जास्त जाणवते. घर पडायला आलं आणि पट्टी वाढली, ही म्हातारीची तक्रार गणिताने खरी ठरू शकते. पंचवीस रुपयांचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण हीच मांडणी लाखांचे आकडे असलेल्या शहरालगतच्या गावात करून पाहावी.

आणखी एक गंमत. भोरच्या उदाहरणात दर 20 टक्के होता, वेल्ह्याच्या जुन्या घराला हजारी 70 पैसे, म्हणजे 0.07 टक्के. यावरून नगरपरिषद लुटते आणि पंचायत दयाळू आहे, असं ठरत नाही. एक टक्का वर्षाच्या भाड्यावर आहे, दुसरा सगळ्या घराच्या किमतीवर. ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय टक्क्यांची तुलना करू नये, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही.

सूत्रातलं बाकी सगळं तक्त्यांतून येतं, पण क्षेत्रफळ मोजावं लागतं. आणि चुकाही तिथेच होतात. ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही म्हणजे नमुना 8. वर्षाची मागणी नमुना 9 मध्ये, आणि पावती नमुना 10. नमुना 8 मध्ये एकदा चुकीचं माप शिरलं, की ते वर्षानुवर्षं पुढच्या पानावर उतरत राहतं. चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात पडला, तर घर पावणेअकरा पट मोठं होतं. इतकी मोठी चूक निदान दिसून तरी येते. बारीक चुका दिसत नाहीत.

वेल्ह्याकडे पाऊस प्रचंड. मातीच्या भिंती वाचवायच्या तर वळचण चांगली रुंद ठेवावी लागते. भिंतीबाहेरून 10 मीटर × 6 मीटरचं, म्हणजे 60 चौरस मीटरचं घर घ्या. छप्पर चारही बाजूंनी पाऊण मीटर पुढे आलं, तर छपराखालची जागा 11.5 × 7.5, म्हणजे 86.25 चौरस मीटर भरते. 44 टक्के जास्त. टेप छपराच्या कडेने धरला, तर आपल्या जुन्या घराची पट्टी 159 रुपये 60 पैशांवरून साधारण 229 रुपयांवर जाईल. याउलट आतून मोजलं तर? मातीची भिंत 45 सेंटिमीटर जाड धरली, तर आतली जागा 9.1 × 5.1, म्हणजे 46.41 चौरस मीटरच उरते. बाहेरच्या मापाहून 23 टक्के कमी. 15 सेंटिमीटर भिंतीच्या सिमेंटच्या घरात हा फरक फक्त 8 टक्के असतो. तेव्हा माप आतून घेतलं की बाहेरून, आणि गावात सगळ्यांना एकच रीत लावली का, हे विचारणं म्हणजे फालतू शंका नव्हे.

गावठाणांची मोजणी आता ड्रोनने होते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात याचा आधी प्रयोग झाला, आणि 2020 मध्ये देशभरासाठी स्वामित्व योजना आली. पण ड्रोनला वरून छप्परच दिसतं, भिंत दिसत नाही! म्हणून उड्डाणाआधी मिळकतीच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात. ही आखणी होत असताना घरचं कुणीतरी हजर असलं पाहिजे. या मोजणीनंतर मिळते ती मिळकत पत्रिका. नमुना 8 हा मात्र करासाठीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही, आणि घरपट्टी भरली म्हणून विनापरवाना बांधकाम कायदेशीरही होत नाही. जमिनीचे व्यवहार जोरात असलेल्या या भागात हा गैरसमज महागात पडतो.

वर्गात हे करून पाहायचं, तर एक पथ्य पाळावं. कुणाच्या घरची थकबाकी वर्गात उघड होता कामा नये. आधी शाळेची इमारत मोजावी, कर लागला असता तर किती, ते काढावं. मग ज्याची त्याने आपल्या घरची मापं घरीच घ्यावीत : आतून, बाहेरून आणि वळचणीच्या कडेने. तिन्ही आकडे नमुना 8 च्या उताऱ्याशी ताडून पाहावेत. फेरआकारणी साधारण चार वर्षांनी होते. नगरपरिषदेत यादी जाहीर झाल्यावर हरकतीसाठी किमान 30 दिवस मिळतात. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं, आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. ‘पट्टी फार वाटते’ असा अर्ज बहुधा फायलीत पडून राहतो. ‘नोंद 86.25 चौरस मीटर आहे. भिंतीबाहेरून माप 10 × 6 मीटर भरतं, फेरमोजणी करावी’ या अर्जाला मात्र कार्यालयाला टेप घेऊन घरी यावं लागतं.