जोडीचं मॅगझिन

मॅगझिन म्हटलं की आपल्याला आठवतं मासिक, नाहीतर दिवाळी अंक. पण मैत्रिणींनो, पिस्तुलालाही मॅगझिन असतं! मुठीत खालून सरकवायची चपटी लांबट डबी. तिच्यात गोळ्या एकावर एक बसतात आणि तळाची स्प्रिंग त्यांना वर ढकलत राहते. रिव्हॉल्व्हरला ही भानगड नाही. 2014 मध्ये खास बायकांसाठी म्हणून कानपूरहून आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरच. त्याच्या गोळ्या फिरत्या चक्रात.

माझी एक मैत्रीण नवऱ्यामागे पेट्रोलपंप सांभाळते. रात्री रोकड घेऊन घरी यायचं, म्हणून रीतसर परवाना काढून तिनं पिस्तूल घेतलं. घरात शस्त्र असावं का, यावर आमचे अजून वाद होतात. मला विचाराल तर ही अगदी शेवटची पायरी. पण घेतलंच, तर ऐन वेळी दगा देणारं नको. जास्तीचं मॅगझिन आणायला ती जिल्ह्याच्या गावी निघाली, तेव्हा मीही गेले.

दुकानदार जाणता होता. म्हणाला, “ताई, गोळी अडकली की लोक पिस्तुलाला नावं ठेवतात. खोट पुष्कळदा मॅगझिनची असते.” गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा जराशा वाकल्या तरी गोळी तिरकी चढते. स्प्रिंग थकली की पुढची गोळी वेळेवर वर येत नाही. कुकरची रिंग आपण कंपनीचीच घेतो ना? तसंच हे. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं हवं. ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून गळ्यात मारलेलं नको. आणि ओळखीच्या कुणाकडून तर मुळीच नको. 1959च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच धरलेत, तेव्हा परवाना दाखवून पक्की पावती घ्यायची.

डबीला पोचा नाही ना, आतली पट्टी दाबून सोडली की न अडखळता वर येते ना, हे तिनं तिथंच पाहिलं. रिकाम्या पिस्तुलात ते खटकन बसतं, बटण दाबल्यावर सहज सुटतं, हेही. पण खरी परीक्षा अधिकृत रेंजवरच, आणि तीही नेहमीच्याच काडतुसांनी. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे ती सरावासाठी आधीच बाजूला काढावी लागतात. बाईनं दोन्ही मॅगझिनवर चक्क नेलपॉलिशनं 1 आणि 2 घातलं! म्हणून तर कळलं, अडतंय ते 2 नंबरच, तेही दोनदा. दुकानदारानं बदलून दिलं.

आत तेल ओतू नये, धूळ चिकटते. कोरड्या फडक्यानं पुसलं की झालं. आणि हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगा: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नव्हे. एक गोळी नळीत राहिलेली असू शकते. वरचा भाग मागे ओढून डोळ्यांनी बघायचं, मगच कुलपात. निवडणुकीत पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायला सांगतात, तेव्हा पावतीवर मॅगझिन किती, तेही लिहून घ्या.