सहा पाकळ्यांसाठी भोकं पाडलेलं छीट

गोधडी पाहिलेल्या माणसाला ठिगळकाम म्हणजे काटकसर, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे इंग्लंडमधल्या कागदी साच्यांवर शिवलेल्या रजईत सहा षटकोनांवर नेमका तोच गुलाब यावा म्हणून धडधाकट छिटाला मध्येच भोकं पाडतात, हे ऐकून जीव हळहळतो. पण ही कला चिंध्यांतूनच जन्मली, हा समज कच्चा आहे. ब्रिटनमधलं तारीख घातलेलं सर्वांत जुनं ज्ञात ठिगळकाम १७१८ सालचं; ते चक्क रेशमी आहे, आणि साच्यांचे कागद अजून आत आहेत. जेन ऑस्टिन, तिची आई आणि बहीण यांनी केलेल्या पांघरुणाच्या मध्यभागीही फुलांची परडी नेमकी कापून बसवली आहे. उधळपट्टी म्हणा हवं तर. कापड खर्चून इथे नक्षी विकत घेतली जाते.

मग हे मशीनवर का नको? षटकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन शिवणी भेटतात, तिथे मशीन दर वेळी थांबवून कापड वळवावं लागतं. हातकामात पाव इंच कड कागदावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरतात, दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जुळवतात आणि घडीचे दोन-तीनच धागे उचलत शिवतात. सुई कागदात शिरली, तर तो नंतर सहज निघत नाही.