पाण्याची जागा आणि तंबूची जागा

(पावसाळ्याच्या तोंडावर दादर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



पाऊस सुरू झाला की शुक्रवारी रात्री इथल्या दादर स्टेशनवर एक वेगळी गर्दी दिसायला लागते. पाठीवर सॅक, पायात मळके बूट, हातात वडापावचा पुडा, आणि सगळे कसारा नाहीतर कर्जत लोकलची वाट बघतायत. पूर्वी ही गर्दी फक्त ट्रेकिंगवाल्यांची असायची. आता त्यात कुटुंबं असतात, ऑफिसातले ग्रुप असतात, लहान मुलं असतात. कारण आता तंबू घेऊन जावा लागत नाही, तिथे लावलेला मिळतो. पैसे भरले की तंबू, जेवण, शेकोटी, सकाळी धबधबा. चांगली गोष्ट आहे. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला एक रात्र उघड्यावर झोपावंसं वाटणारच. मी स्वतः परळच्या चाळीत वाढले, त्यामुळे ती ओढ मला माहीत आहे.

पण आज मी कुठला धबधबा सुंदर आहे ते सांगणार नाही. ते तुम्हाला माहीत असतं. मी एकच प्रश्न घेणार आहे: धबधब्याच्या परिसरात रात्र काढायची, तर तंबू किंवा गाडी नेमकी कुठे उभी करायची? हा प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर चुकलं की माणसं जातात.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचे अमेरिकेत असतील. त्यांच्याकडे गेलात की ते तुम्हाला एखाद्या स्टेट पार्कात नेतात. उदाहरणार्थ टेनेसी राज्यातलं फॉल क्रीक फॉल्स. तिथला मुख्य धबधबा २५६ फुटांचा. तिथे मुक्कामाच्या जागांना क्रमांक असतात. तुमच्या क्रमांकावर गाडी लावायची, शेजारी पाण्याचा नळ, विजेचा खांब, बसायला टेबल. मोठ्या गाडीतलं सांडपाणी रिकामं करायची वेगळी सोय. थोडक्यात, जागा निवडायचं काम तुमच्या आधी कुणीतरी करून ठेवलेलं असतं. पाणी कुठवर चढतं, झाड कुठलं पडेल, याचा विचार करून मग तो क्रमांक रंगवलेला असतो.

आपल्याकडे ती व्यवस्था बहुतेक ठिकाणी नाही. भंडारदऱ्याचं उदाहरण घ्या. तलाव पाटबंधारे खात्याचा, म्हणजे आताच्या जलसंपदा विभागाचा. भोवतालचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, ते वन विभागाचं. तलावाकाठची शेतं गावकऱ्यांच्या मालकीची. एक रिसॉर्ट एमटीडीसीचं. आणि तुमचा तंबू लागतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी भातखाचराच्या कडेला. मग जागा बरोबर आहे की नाही हे कोण ठरवणार? यजमान जाणता असेल तर तो ठरवतो. नसेल तर तुम्हालाच ठरवावं लागतं. त्यासाठी पाणी कसं चालतं ते थोडं समजून घेऊ.

हिंदमाता आणि ओढा

इथून दहा मिनिटांवर हिंदमाता आहे. तिथे पाणी का तुंबतं? तिथे जास्त पाऊस पडतो म्हणून? नाही. तो भाग बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचं पाणी उतारावरून तिथे येतं. म्हणून तर महापालिकेला २०२१ मध्ये ते पाणी साठवायला जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या. हिंदमाताच्या चौकात उभं राहून डोक्यावर किती पडतंय हे मोजलंत, तर पाणी किती येणार ते कळणार नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आठवणीतली. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला किती? ७३ मिलिमीटर. गिरगावात बसलेल्या माणसाला तो पावसाळ्यातला एक नेहमीचा दिवस वाटला असता. मधलं अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. डोंगरात असाच फरक एका खिंडीच्या अलीकडे-पलीकडे पडतो. तुम्ही धबधब्याखाली उभे असता, ऊन पडलेलं असतं, आणि वर पठारावर ढग कोसळत असतो.

आता एक छोटं गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. धबधब्याच्या वर एक चौरस किलोमीटरचं पठार आहे समजा. सह्याद्रीत हे लहान समजायचं. तिथे तासाभरात ५० मिलिमीटर पडला. म्हणजे झालं पाच कोटी लिटर. आपल्याकडे सोसायटीत येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर पाच हजार टँकर. सगळंच पाणी लगेच खाली येत नाही, हे खरं. पण निम्मं आलं तरी अडीच हजार टँकर एका घळीतून उतरतात.

आणि सह्याद्रीत त्यातलं बरंचसं लवकर उतरतं, कारण आपला दगड. हे डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे बनलेत. एकावर एक बेसॉल्टचे थर, काही कठीण, काही मऊ आणि जाळीदार. मऊ थर आधी झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून आपले डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात आणि म्हणूनच इतके धबधबे आहेत. पण या पठारांवर माती पातळ, खाली कातळ. जुलैपर्यंत माती पाण्याने भरून जाते. मग पडलेला पाऊस मुरायला जागाच नसते, तो पळतो. ज्या कारणाने धबधबे आहेत, त्याच कारणाने ते झटकन फुगतात.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. ती दृश्यं तुम्ही पाहिली असतील. प्रवाहाच्या मधल्या खडकावर सगळे एकमेकांना धरून उभे होते. ते पोहायला गेलेले नव्हते, दरीत डोकावत नव्हते. थोड्या वेळापूर्वी जिथे चालत जाता येत होतं अशा जागी ते उभे होते. हे मी घाबरवायला सांगत नाही. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. गुडघाभर पाणी तळ्यात काहीच नसतं, पण उतारावर तेच पाणी मोठ्या माणसाला पाडतं.

जागा कशी वाचायची

कॉलेजात असताना आम्ही सहा जण रतनवाडीच्या बाजूला गेलो होतो. ओढ्याकाठी सपाट वाळू होती, पाय धुवायला पाणी जवळ, वारा नाही. आम्ही आनंदाने तंबू ठोकले. संध्याकाळी गुरं घेऊन एक आजोबा आले. बघितलं आणि म्हणाले, "पोरांनो, इथं नका राहू. ही पाण्याची जागा हाय." आम्हाला कंटाळा आला होता, तरी त्यांच्या शब्दाखातर तंबू उचलले आणि वरच्या बांधावर लावले. पहाटे उठून पाहिलं तर वाळू दिसत नव्हती. आमच्याकडे रात्री पाऊस भुरभुरलाच होता फक्त.

आजोबांना जे दिसलं ते आम्हाला का दिसलं नाही? सपाट वाळू कुणी आणून पसरली, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. ती पाण्यानेच पसरलेली असते. तर पाण्याच्या जागेच्या खुणा अशा:

पहिली, गोल गुळगुळीत गोटे आणि वाळू. जिथे ते आहेत तिथे पाणी येऊन गेलंय.

दुसरी, झुडपांत अडकलेला काडीकचरा, प्लास्टिक. ते किती उंचीवर अडकलंय ते बघा. पाणी निदान तिथवर चढलं होतं.

तिसरी, एकाच दिशेला निजलेलं गवत, जणू विंचरल्यासारखं.

या खुणांच्या बऱ्याच वर, आणि पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब तंबू लावा. दोनशे फूट म्हणजे साधारण ऐंशी पावलं. तेवढ्याने पाणीही स्वच्छ राहतं, कारण भांडी घासणं आणि शौच त्याच अंतराबाहेर होतं. शौचासाठी वीतभर खड्डा खणायचा आणि मातीने बुजवायचा. खाली त्याच ओढ्याचं पाणी कुणीतरी पितं.

पण पाण्यापासून लांब जाताना थेट कड्याखाली जाऊ नका. मऊ थर झिजला की वरचा कठीण दगड सुटतो. जमिनीवर ताजे, धारदार कोपऱ्यांचे दगड पडलेले दिसले तर ती दगडांची जागा समजा. वाळलेल्या फांदीखाली नको, उघड्या माथ्यावर विजेमुळे नको. राहिली ती जागा तुमची.

आणि प्रवाहात उतरलाच असाल तर तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज बदलून घुमल्यासारखा झाला, तर फोटो, चप्पल, डबा सगळं सोडून जवळच्या काठावर चढा. पलीकडे अडकलात तर पलीकडेच थांबा. छोटा ओढा जसा चढतो तसाच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतो. उपाशी रात्र काढणं परवडतं.

भंडारद्याला आणखी एक गोष्ट. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. धरणाशी दिसणारा अंब्रेला फॉल आणि खाली दहाएक किलोमीटरवरचा, सुमारे १७० फुटांचा रंधा धबधबा, या दोन्हींचा संबंध धरणातून सुटणाऱ्या पाण्याशी आहे. तिथे आभाळ बघून उपयोग नाही. विसर्ग सुरू आहे का, हे विचारल्याशिवाय धरणाखालच्या पात्रात उतरायचं नाही.

चाकांवरचं घर

आता कॅरॅव्हॅन. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या भाड्याने मिळतात, हौस वाढतेय. गाडीत पलंग, छोटं स्वयंपाकघर, संडास. ज्येष्ठांना आणि लहान मुलांच्या आयांना ही फार मोठी सोय आहे, हे मी मनापासून सांगते.

पण तिला चार गोष्टी लागतात: सपाट टणक जमीन, वीज, पाणी, आणि मैला रिकामा करायची जागा. पहिल्या तीन गोष्टी एखाद्या रिसॉर्टच्या आवारात मिळतात. चौथी विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. बुकिंगच्या वेळीच विचारा की टाकी कुठे रिकामी करायची. "कुठेही करा" असं उत्तर आलं तर ती ओढ्यातच होणार. दुसरं, पावसाळ्यात रस्त्याकडेच्या मातीवर चाक उतरवलंत की गाडी रुतते. घोटीवरून शेंडीकडे येणारा रस्ता रुंद महामार्ग नाही. धुकं असतं, गुरं असतात. जड गाडी दिवसाउजेडी पोचवा. आणि पाऊस चालू असताना घाटात दरडीखाली गाडी उभी करून झोपायचं नाही. पत्र्याचं छप्पर दगडाला अडवत नाही.

शेवटचा मुद्दा. ते अभयारण्य आहे, १९८६ पासून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यानुसार अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि आग लावायला बंदी आहे. त्यामुळे तुमच्या पॅकेजमधली शेकोटी कुठे पेटणार ते विचारा. मे अखेरीपासून तिथे काजवे येतात. काजव्याचा नर लुकलुकतो तो मादीला खूण म्हणून. त्या झाडाखाली गाडीचे दिवे लावले की खूण दिसत नाही, आणि गर्दीच्या पायाखाली माद्या नि अळ्या चिरडतात. काजवे बघायला जाऊन पुढच्या वर्षीचे काजवे आपणच कमी करतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आम्ही पैसे भरून जातो. जागेची जबाबदारी आयोजकाची नाही का?

उत्तर: आहेच. साहसी पर्यटनासाठीही राज्याचं २०२१ चं धोरण आहे, त्यात आयोजकाने नोंदणी करायची आहे. ती आहे का, विचारा. पण कागद रात्री दोन वाजता तंबू उचलत नाही. पोचल्यावर उजेडात एक फेरी मारा आणि वर चढायची वाट कुठली ते बघून ठेवा.

प्रश्न: मुलांना न्यावं की नाही?

उत्तर: जरूर न्या. पण धबधबा लांबून दाखवा. भिजायचं असेल तर पाऊस आहेच की, तो अंगणात उभं राहिलं तरी भिजवतो.

प्रश्न: माझे वडील सिंधुदुर्गातले. ते म्हणायचे, व्हाळाला आवाज आला की पलीकडे जायचं नाही.

उत्तर: बघा, म्हणजे मी तासभर जे सांगितलं ते तुमच्या घरात आधीच होतं. लालबाग-परळातल्या कितीतरी घरांत असे गावाकडचे वडील, आजोबा आहेत. निघण्याआधी दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. आणि तिथे पोचल्यावर तिथल्या आजोबांना विचारा, "इथे पाणी कुठवर येतं?" ते हात वर करून जी उंची दाखवतील, तिच्यावर तंबू लावा.