सरखेलीचीं वस्त्रें आणि अ‍ॅडमिरलची खांदेपट्टी

इ. स. २०२३ च्या डिसेंबरांत मालवण येथील नौदल दिनाच्या समारंभांत पंतप्रधानांनीं जाहीर केलें कीं, भारतीय नौदलांतील अ‍ॅडमिरलांच्या खांदेपट्टीवर यापुढें शिवछत्रपतींच्या वारशाची खूण दिसेल. त्याच महिन्याच्या अखेरीस ती पट्टी प्रसिद्धही झाली. सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण हीं तिच्यावरील चिन्हें. पैकीं अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. रिअर अ‍ॅडमिरलास दोन तारे, व्हाइस अ‍ॅडमिरलास तीन व पूर्ण अ‍ॅडमिरलास चार. आदल्याच वर्षीं, २ सप्टेंबर २०२२ रोजीं, नौदलाच्या निशाणावरील सेंट जॉर्जचा क्रूस जाऊन तेथेंही अष्टकोन आला होता. हा क्रूस २००१ सालीं एकदां गेला होता आणि २००४ सालीं परत आला होता, हें पुष्कळांच्या स्मरणांत नसेल.

अजिंक्यताऱ्यावरून समुद्र दिसत नाहीं आणि सांगलीच्या कृष्णेंत होडीपेक्षां मोठें कांहीं चालत नाहीं. तेव्हां आम्हां घाटावरच्या लोकांस या पट्ट्यांचें काय, असें कोणी व्यापारी गृहस्थ विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, मराठ्यांच्या आरमाराचा सर्वोच्च किताब ज्या गादीवरून दिला जात असे, ती गादी साताऱ्याची होती.

तो किताब सरखेल. हा शब्द मूळचा समुद्रावरचा नव्हेच. ‘सर’ म्हणजे प्रमुख व ‘खैल’ म्हणजे घोडेस्वारांचा जमाव. दिल्लीच्या सुलतानांच्या फौजेंत सरखेल हा अवघ्या दहा स्वारांचा नायक असे. अ‍ॅडमिरल शब्दाचेंही कुळ असेंच. अरबी ‘अमीर’ सिसिलीच्या नॉर्मन राजांच्या दरबारीं गेला आणि बाराव्या शतकांत तेथें आरमाराच्या अधिपतीचें नांव होऊन युरोपभर पसरला. नौदलांतील हुद्द्यांस भारतीय परंपरेचीं नांवें देण्याचेंही मालवणास जाहीर झालें आहे. त्यावरून शब्दशुद्धीचे अभिमानी मोठा खल करतील. आम्हांस त्यांत फारसें स्वारस्य वाटत नाहीं. ज्यानें शब्दास पराक्रम जोडला, शब्द त्याचा.

शिवछत्रपतींच्या आरमाराचे सरदार पाहावे, तर १६७९ सालीं खांदेरी बेटावर इंग्रजांशीं झुंजणाऱ्यांत मायनाक भंडारी आणि दौलतखान हीं नांवें अग्रभागीं येतात. एक भंडारी, दुसरा मुसलमान. जातीचा दाखला पाहून नेमणुका मागणाऱ्यांनीं हीं दोन नांवें भिंतीवर लिहून ठेवावीं. पुढें १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर वारले आणि आरमार कान्होजी आंग्रे यांच्या हातीं आलें.

शाहू महाराज सुटून आल्यावर जें यादवी युद्ध पेटलें, त्यांत कान्होजी ताराराणींच्या पक्षाचे होते. त्यांजवर चालून गेलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांस त्यांनीं कैदच केलें! तेव्हां १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांस पेशवाई मिळून ते बोलणें करण्यास गेले. कान्होजींनीं शाहूंचें स्वामित्व मान्य केलें. उलट त्यांस सरखेलीचा किताब, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणीं कायम करून मिळालीं. वकिली नजरेनें पाहतां ही कृपा नव्हे, दोन समर्थ पक्षांचा करार होय. समुद्र कान्होजींच्या ताब्यांत होताच. साताऱ्यानें त्यावर शिक्का उठविला. त्यांच्या मुद्रेंत आधीं शाहू नृपतीची प्रीति, मग पिता तुकोजी, मग स्वतःचें नांव व सरखेलपद असा क्रम आहे. या मुद्रेचा अर्थ व्यापाऱ्यांस तत्काळ कळे, कारण सरखेलाच्या दस्तकावांचून किनाऱ्यानें माल नेणें धोक्याचें होतें. इंग्रज यास चांचेगिरी म्हणत. स्वतः ते परवाने विकीत, तो मात्र कायदा! १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर आले आणि हात हालवीत परतले.

कान्होजी १७२९ सालीं वारले आणि घरांत फूट पडली. १७३५ सालीं बाजीराव पेशव्यांनीं दौलतच वांटली: संभाजीस विजयदुर्ग व सरखेली, मानाजीस कुलाबा व वजारतमाब हा वेगळा किताब. एका आरमाराचे दोन धनी झाले. पुढें सरखेली तुळाजीकडे आली. त्याचें पेशव्यांशीं पटेना. मग नानासाहेबांनीं इंग्रजांस मदतीस बोलाविलें आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें अ‍ॅडमिरल वॉटसनच्या तोफांखालीं विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. तुळाजी उद्दाम होता, हें मान्य. परंतु चाकरास शासन करण्यासाठीं शेजाऱ्याकडून स्वतःचें घर जाळविणें यास आम्ही राजकारण म्हणूं शकत नाहीं. त्या दिवशीं सरखेलीचीं वस्त्रें शाबूत होतीं, गुराबा व गलबतें नव्हतीं.

स्वतंत्र भारतांत कटारी हे १९५८ सालीं पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. त्यांच्यामागून १९६२ सालीं भास्कर सदाशिव सोमण आले. हे दोघेही व्हाइस अ‍ॅडमिरलच. चार ताऱ्यांचा पूर्ण हुद्दा १९६८ सालीं चॅटर्जींपासून सुरू झाला. याहून वरचा पांच ताऱ्यांचा मान भूदलांत माणेकशा व करिअप्पा यांस, हवाईदलांत अर्जनसिंग यांस मिळाला; नौदलांत तो कोणासही मिळालेला नाहीं. मुंबईच्या ज्या जुन्या किल्ल्यांत इंग्रजांनीं आंग्र्यांविरुद्ध मोहिमा आंखल्या, तेथील नौदलाचा तळ मात्र १९५१ पासून ‘आंग्रे’ हेंच नांव धारण करून आहे.

हे तारे कोणाच्या खांद्यावर चढतील, हा प्रश्न अष्टकोनापेक्षां महत्त्वाचा. नौदलांतील स्त्री अधिकाऱ्यांस कायम नेमणूक नाकारतां येणार नाहीं, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १७ मार्च २०२० रोजीं दिला. त्याकरितां स्त्रियांस न्यायालयाची पायरी चढावी लागली, याची आम्हांस लाज वाटते. देशांतील पहिली सैनिकी शाळा १९६१ सालीं साताऱ्यासच निघाली आणि २०२१ सालीं अशा सर्व शाळांचीं दारें मुलींस उघडण्याचें जाहीर झालें. प्रवेशपरीक्षेची माहिती सातारा व सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांनीं आपल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लावावी; त्यास खर्च खडूचा तेवढा येईल.