लाल कार्ड दाखवले, पुढे काय?

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल सामने होतात. पेठच्या पेठ मैदानावर लोटते. अशा वेळी पंचाने लाल कार्ड दाखवले, की गड्याचे डोके फिरते. तो जागचा हलत नाही. (ही कार्डाची रीत १९७० च्या विश्वचषकापासूनची.) मग पंचाने काय करावे? हुज्जत घालू नये. अंगाला हात तर मुळीच लावू नये. त्याच्या कप्तानाला बोलवावे, "याला बाहेर न्या" म्हणावे. तो जाईपर्यंत खेळ सुरू करू नये.

रेषेबाहेर बसला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही बरं का! तिथे बसून तो शिव्या देणार, लोकांना चिथावणार. म्हणून मैदानाच्या आसपासही त्याने थांबायचे नाही, असा नियमच आहे. त्याच्या जागी दुसरा गडी घेता येत नाही. अकराचे दहा झाले. सातांहून कमी उरले, तर सामनाच थांबतो. घडले ते सारे पंचाने लिहून द्यावे.