सरकारी अहवाल म्हणजे सगळं खरं का? इतिहासाच्या पेपरात मार्क इथंच जातात

उतारा देऊन 'हे साधन कितपत उपयोगी?' असं विचारलं, की पोरं 'सरकारी आहे, म्हणजे विश्वसनीय' लिहून मोकळी होतात.

सुप्याचंच घ्या. १२ मे १८७५ ला तिथं शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-वह्या जाळल्या. चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेला. दोष सावकारांवर, सरकारी सारा कारण नाही, असा निष्कर्ष. सारा घेणारं सरकार, आयोगही त्याचाच!

मग अहवाल टाकाऊ का? नाही. शेतकरी-सावकारांच्या जबान्या, व्याजाचे, पिकांचे दर त्यातच सापडतात. सरकारची बाजूही कळते.

म्हणून उत्तरात लिहा: कोणी लिहिलं, कशासाठी, कोणत्या प्रश्नाला उपयोगी, काय सुटलं. त्या काळच्या वर्तमानपत्रांशी पडताळा.

पंचनामा वाचताना आपण हेच बघतो की!